संगीतपटाचा आनंद कसा घ्यावा

संगीतपट आवडतो असे सांगणारे पुष्कळ भेटतात. तो का आवडतो असे विचारले, की उत्तर बहुधा ‘गाणी छान आहेत’ यावर येऊन थांबते. ते खरेच असते, पण तेवढ्याने भागत नाही. उत्तम गाणी असूनही कंटाळवाणे झालेले चित्रपट कितीतरी सांगता येतील, आणि ज्यांतली एकही चाल नंतर गुणगुणता येत नाही असे काही चित्रपट वर्षानुवर्षे मनातून हलत नाहीत. माझ्या मते संगीतपटाचे मर्म बोलणे संपून गाणे सुरू होते त्या जागेत आहे. खऱ्या आयुष्यात माणसे भर रस्त्यात उभी राहून गाऊ लागत नाहीत. पडद्यावर ती गातात आणि आपण ते निमूटपणे मान्य करतो, इतकेच काय, त्यांनी गावे म्हणून वाटही पाहू लागतो. ही संमती दिग्दर्शक, संगीतकार, नृत्यदिग्दर्शक आणि नट मिळून आपल्याकडून कशी मिळवतात, हे एकदा दिसू लागले की अनेकदा पाहिलेल्या चित्रपटातही नवे काही सापडत राहते. ते दिसावे म्हणून काय करावे, हे पुढे सांगितले आहे.

चित्रपट कोणता निवडावा

सुरुवातीला न पाहिलेला चित्रपट घेऊ नये. आधी पाहिलेला आणि मनापासून आवडलेला चित्रपट घ्यावा. पुढे काय होणार याची उत्सुकता शमलेली असली म्हणजे ते कसे घडते याकडे लक्ष देता येते, आणि शब्द व चाली ओळखीच्या असल्यामुळे कानही मोकळे राहतात.

निवडताना एक गोष्ट तपासून पाहावी. ‘आलम आरा’ (१९३१) या पहिल्या भारतीय बोलपटात सात गाणी होती आणि तेव्हापासून भारतीय चित्रपटांत गाणी असणे हाच नियम झाला, त्यामुळे गाणी असलेल्या प्रत्येक चित्रपटाला संगीतपट म्हणता येत नाही. चित्रपटातले एक गाणे मनातल्या मनात काढून टाकावे आणि कथेला कुठे खिंडार पडते का ते पाहावे. काही पडत नसेल, तर ते गाणे कितीही गोड असले तरी ते विसाव्याचे गाणे आहे. ‘संत तुकाराम’ (१९३६) या प्रभातच्या चित्रपटातले अभंग काढले तर मागे चित्रपटच उरत नाही. विष्णुपंत पागनीस यांचा तुकाराम बोलता बोलता गाऊ लागतो आणि गाणे नेमके कधी सुरू झाले हे चटकन ध्यानातही येत नाही. त्यातले ‘आधी बीज एकले’ हे पद शांताराम आठवले यांनी त्या चित्रपटासाठी लिहिले होते, पण ते प्रसंगात इतके मुरले आहे की तो तुकोबांचाच अभंग आहे असे असंख्य लोक आजही धरून चालतात. ‘कट्यार काळजात घुसली’ (२०१५) मध्ये तर भांडण गाण्यावरूनच आहे. गायकी वगळली तर दोन्ही बाजूंना भांडायला विषयच राहत नाही. या कसोटीला उतरणारा चित्रपट हाताशी घ्यावा.

ज्यांना माणसांनी अचानक गाऊ लागणेच पटत नाही, त्यांनी रंगमंचावर गाणाऱ्या माणसांच्या कथांपासून सुरुवात करावी. तिथे गाण्याला कारण असते: पात्रे गायक आहेत, नर्तक आहेत, समोर प्रेक्षक बसलेले आहेत. ‘फॉर्टी-सेकंड स्ट्रीट’ (१९३३) हा नाटकाच्या तालमींवरचा चित्रपट किंवा ‘कॅबरे’ (१९७२) हा बर्लिनमधल्या नाइटक्लबमध्ये घडणारा चित्रपट अशा प्रेक्षकांना सहज जवळचा वाटतो. एकदा कान सरावले की मग रस्त्यात, घरात, कारखान्यात गाणाऱ्या माणसांकडे वळावे, आणि सगळ्यात शेवटी, ज्यात एकही वाक्य बोलले जात नाही आणि सारे संवाद गायले जातात असा ‘ले पाराप्लुई द शेर्बूर’ (१९६४) हा फ्रेंच चित्रपट पाहावा. त्याच्या आरंभी गॅरेजमधले कामगार सुटीनंतरच्या बेतांविषयी गात गात बोलतात, आणि त्यातला एक जण, स्वतः गात असतानाच, ऑपेरात सगळे सारखे गात असतात म्हणून आपल्याला तो आवडत नाही, त्यापेक्षा सिनेमा बरा, असे सांगतो. दिग्दर्शक जाक देमी याने प्रेक्षकाच्या मनातली शंका पहिल्या काही मिनिटांतच पात्राच्या तोंडी घालून तिच्याशी मैत्री केली आहे.

गाणे सुरू होण्याआधी

निवडलेल्या चित्रपटातले एक गाणे ठरवावे आणि ते जिथे सुरू होते त्याच्या दोन-तीन मिनिटे मागे जाऊन पाहायला बसावे. नुसते गाणे वेगळे काढून ऐकण्या-पाहण्याची सवय आता इतकी अंगवळणी पडली आहे की गाण्याआधीचा प्रसंग आपल्या हातून निसटतो, आणि बरीचशी कारागिरी नेमकी तिथे असते. पाहताना काही साधे प्रश्न मनाशी ठेवावेत. पहिला सूर केव्हा ऐकू आला, आणि तो वाद्याचा होता की माणसाच्या गळ्यातला? नटाच्या चालण्यात ताल कधी शिरला? तो कोणाशी बोलत होता, आणि आता कोणासाठी गातो आहे? बोलण्यात सांगता आली नसती अशी कोणती गोष्ट त्याच्यापाशी साठली आहे?

‘सिंगिंग इन द रेन’ (१९५२) मधल्या शीर्षकगीताचा प्रसंग या प्रश्नांसह पाहण्यासारखा आहे. मूकपटांचा काळ संपून बोलपट येऊ लागले त्या दिवसांतली, १९२७ च्या सुमारास घडणारी ही कथा. जीन केलीने रंगवलेला डॉन हा मूकपटांतला नामांकित नट. त्याच्या पहिल्या बोलपटाला प्रेक्षकांनी हसून हसून वाटेला लावले आहे, पण त्याच चित्रपटाचा संगीतपट केला तर तो वाचेल ही युक्ती नुकतीच सुचली आहे, आणि जिच्यावर त्याचा जीव जडला आहे ती कॅथीही त्या बेतात सामील आहे. म्हणजे व्यवसाय बुडता बुडता वाचला आहे आणि प्रेमाला होकार मिळाला आहे, अशी दुहेरी खुशी घेऊन तो रात्री भर पावसात तिला दारापर्यंत सोडायला आला आहे. ती त्याला घसा जपायला सांगते, दोघे निरोप घेतात, दार बंद होते.

इथून पुढचा भाग सावकाश, लागल्यास दोनदा पाहावा. वाट पाहत थांबलेल्या गाडीला डॉन हातानेच जायला सांगतो. छत्री उघडीच आहे. तो फुटपाथवरून चालू लागतो आणि शब्द नसलेली एक छोटी लकेर गुणगुणू लागतो. वाद्येही त्याच लकेरीला धरून राहतात. मग तो खांदे उडवतो, छत्री मिटतो, पाऊस अंगावर घेतो, आणि त्यानंतर पहिला शब्द येतो. नृत्य तर त्याच्याही नंतरचे. आधी तो नुसता चालतो, मग दिव्याच्या खांबावर झेप घेतो, मग पन्हळीखाली उभा राहून चिंब होतो, मग रस्त्यात उतरून उघडी छत्री घेऊन मोठे फेर धरतो आणि कॅमेरा त्याच्यापासून दूर, वर उचलला जातो. शेवटी साचलेल्या पाण्यात तो लहान मुलासारखा थयथयाट करतो. एवढ्यात एक पोलीस येऊन समोर उभा राहतो. डॉन वरमतो, फुटपाथवर चढतो, आपण काय करत होतो हे त्याला थोडक्यात गाऊन सांगतो, आणि जाता जाता छत्री एका भिजणाऱ्या वाटसरूच्या हातात देऊन निघून जातो.

या प्रसंगात एकही उडी अचानक नाही. निरोप, चालणे, गुणगुणणे, छत्री मिटणे, शब्द, पावले आणि मग बेभान नाच अशा पायऱ्यांनी तो चढत जातो, आणि प्रत्येक पायरी आधीच्या पायरीवरून साहजिक वाटते. उतरण्याचीही सोय आहे: पोलिसाच्या नजरेने गाण्याचे जग मिटते आणि साधे जग पुन्हा सुरू होते. संगीतपट पाहताना गाण्यात शिरण्याची वाट आपण शोधतो, पण बाहेर पडण्याची वाट शोधायला विसरतो. तीही आवर्जून पाहावी. याहून नवलाची गोष्ट अशी, की हे गाणे या प्रसंगासाठी रचलेलेच नव्हते. निर्माता आर्थर फ्रीड हा आधी गीतकार होता. त्याने आणि संगीतकार नॅसिओ हर्ब ब्राउन याने १९२९ च्या एका चित्रपटासाठी ते केले होते, आणि पटकथाकारांच्या हाती दोघांच्या जुन्या गाण्यांचा संच देऊन त्याभोवती कथा रचायला सांगण्यात आले होते. गाणे आधी आणि प्रसंग नंतर असूनही, पावसात उभ्या असलेल्या त्या माणसाला दुसरे काही गाता आले असते असे वाटत नाही.

गाण्यात शिरण्याच्या इतरही वाटा आहेत. ‘वेस्ट साइड स्टोरी’ (१९६१) मध्ये सुरुवातीला न्यूयॉर्क शहर सरळ वरून दिसते, मग मैदानात टोळीतली पोरे बोटांनी चुटक्या वाजवताना दिसतात. चुटकीला पाऊल मिळते, पावलाला पसरलेला हात मिळतो, आणि उनाडपणे चालणारी पोरे नाचू लागली हे आपल्याला कळते तेव्हा ती नाचून थोडी पुढे गेलेली असतात. ‘लव्ह मी टुनाइट’ (१९३२) मध्ये तर गाणेच प्रवास करते. शिंप्याच्या दुकानात सुरू झालेली चाल गिऱ्हाइकाच्या तोंडी बसते, त्याच्याकडून टॅक्सीवाल्याकडे, टॅक्सीतल्या उतारूकडे, आगगाडीतल्या सैनिकांकडे, तिथून रानातल्या जिप्सी वादकाकडे आणि अखेरीस गढीच्या सज्जात उभ्या असलेल्या राजकन्येच्या कानी पोचते. शिंपी आणि राजकन्या यांची अजून भेटही झालेली नाही, पण एकाच चालीने दोघांना बांधून टाकले आहे. बोलपट येऊन जेमतेम पाच वर्षे झाली होती, हे लक्षात घेऊन तो प्रसंग पाहिला म्हणजे दिग्दर्शक रूबेन मामूलियन याच्याविषयीचा आदर दुणावतो.

गाणे संपल्यावर काय बदलले

दुसरा अभ्यास त्याहून सोपा आहे. गाण्याचे पहिले आणि शेवटचे चित्र शेजारी शेजारी ठेवल्यासारखे आठवावे आणि काय बदलले ते एका वाक्यात सांगून पाहावे. कोणी कोणाच्या जवळ आले, कोणाचा निर्धार झाला, किती काळ लोटला, आपल्याला पात्राविषयी कोणती नवी गोष्ट कळली? वाक्य सहज सुचले तर गाण्याने आपले काम केले आहे.

‘द साउंड ऑफ म्युझिक’ (१९६५) मधले स्वरांची ओळख करून देणारे गाणे घ्यावे. मारिया मुलांना डोंगरावरच्या कुरणात बसवून पहिला स्वर शिकवते तेव्हा त्यांना गाणे येत नाही. गाणे पुढे सरकते तशी ठिकाणे बदलतात, मुले साल्झबर्गभर हिंडताना दिसतात, आणि अखेरीस बागेतल्या दगडी पायऱ्यांवर स्वर चढेल तशी मुलेही चढतात. एका गाण्यात अनेक दिवस निघून गेले आहेत. घाबरून शिस्तीत राहणारी मुले मोकळी झाली आहेत आणि सुरात गाऊ लागली आहेत. हेच संवादांत दाखवायचे तर चार-पाच प्रसंग खर्ची पडले असते आणि तरी मुलांचा आनंद आपल्यापर्यंत असा पोचला नसता.

उलट काही गाण्यांनी बाहेरचे काहीच हलत नाही. ‘द विझर्ड ऑफ ऑझ’ (१९३९) मध्ये जूडी गार्लंडची डोरोथी इंद्रधनुष्यापलीकडच्या देशाविषयी गाते, तेव्हा कथा जागच्या जागी उभी असते. चित्रपट चाचणीसाठी दाखवल्यावर, यामुळे वेग मंदावतो म्हणून ते गाणे कापण्यातही आले होते. पुढे ते परत घेतले गेले. ते नसते तर पुढचे सारे रंगीत साहस नुसता देखावा झाले असते. मुलीला काय हवे आहे हे आपल्याला त्या गाण्यातून कळते, म्हणून करड्या-तपकिरी रंगातल्या घराचे दार उघडून रंगांची दुनिया समोर येते तेव्हा आपणही तिच्याबरोबर श्वास रोखतो. नायक-नायिकेच्या मनातली ओढ सांगणारे असे एक गाणे बहुतेक चांगल्या संगीतपटांत पहिल्या अर्ध्या तासात सापडते. ते हुडकून काढावे. उरलेल्या चित्रपटाची किल्ली त्यातच असते.

आणि काही वेळा बदल भयंकर असतो. ‘कॅबरे’मधली जवळजवळ सारी गाणी क्लबच्या मंचावर होतात, आणि दिग्दर्शक बॉब फॉसीने ही शिस्त इतकी कसोशीने पाळली आहे की तिचा एकदाच झालेला भंग अंगावर येतो. उन्हात न्हालेली, बागेतली मद्यशाळा आहे, सुट्टीचा निवांतपणा आहे. एक सोनेरी केसांचा कोवळा मुलगा निसर्गाचे वर्णन करणारे गोड गाणे गाऊ लागतो. कॅमेरा आधी नुसता त्याचा चेहरा दाखवतो. मग तो खाली सरकतो आणि दंडावरची स्वस्तिकाची पट्टी दिसते. आवाज चढत जातो. एकेक जण उठून सामील होतो, चेहरे कठोर होतात, एक म्हातारा तेवढा बसून राहतो. चाल तीच आहे, तिच्यातला गोडवा कमी झालेला नाही, आणि म्हणूनच ती ऐकवत नाही. गाणे माणसांना एकत्र आणते असे आपण नेहमी कौतुकाने म्हणतो. कशासाठी एकत्र आणते, हा प्रश्न या प्रसंगाने विचारला आहे. संगीतपट म्हणजे हलकीफुलकी करमणूक, असे मानणाऱ्या कोणालाही मी प्रथम हाच प्रसंग दाखवीन.

पाय, कॅमेरा आणि रंग

नृत्य पाहायचे तर एकदा आवाज पूर्ण बंद करून पाहावे. संगीत थांबले की कॅमेरा कुठे उभा आहे, चित्र किती वेळा तुटते, आणि नर्तकाचे पाय दिसतात की नाही, हे तिन्ही एकदम उघडे पडते. फ्रेड अस्टेअर याचा आग्रह असे की नाचताना डोक्यापासून पायापर्यंत सबंध शरीर चौकटीत राहावे आणि नाच होता होईल तो न तोडता दाखवावा. ‘टॉप हॅट’ (१९३५) मध्ये तो आणि जिंजर रॉजर्स नाचतात तेव्हा कॅमेरा अदबीने त्यांच्यासोबत सरकत राहतो, आणि हे खरोखर दोन माणसांनी सलग केले आहे, या जाणिवेने आपला आनंद वाढतो. नृत्यदिग्दर्शक बझबी बर्कलीचा मार्ग नेमका उलट होता. त्याला एकट्या नर्तकाच्या कौशल्यात फारसा रस नव्हता. तो कॅमेरा छतापाशी नेई आणि डझनावारी नर्तिकांच्या हातापायांतून उमलणारी-मिटणारी फुले, चक्रे आणि नक्ष्या घडवी. त्याच्या चित्रपटांत हे नृत्य नाटकाच्या रंगमंचावर चालले आहे असे सांगितलेले असते, पण प्रेक्षागृहात बसलेल्या कोणालाही ते तसे दिसणे शक्य नाही. ते फक्त कॅमेऱ्यासाठी रचलेले आहे, आणि सिनेमा नाटकापासून वेगळा का, याचे उत्तर त्यात आहे.

आपल्याला यांतले काय अधिक भावते हे ठरवले की आवडीचा उलगडा बराच होतो. ज्यांना माणसाच्या अंगचे कसब पाहायला आवडते, त्यांना दर सेकंदाला तुटणारे आजचे काही नृत्यप्रसंग निर्जीव वाटतात. ज्यांना वेग आणि नक्षी आवडते, त्यांना अस्टेअर संथ वाटू शकतो. माझा कौल अस्टेअरच्या बाजूने आहे. तुकडे जोडून घडवलेल्या चपळाईत नर्तक थकतो कधी, सावरतो कधी, हे दिसतच नाही, आणि ते दिसण्यात मोठी मौज आहे.

रंगांसाठी पुन्हा त्या शेर्बूरच्या चित्रपटाकडे जावे. तिथल्या घरांच्या भिंतींवरचे कागद गर्द गुलाबी, हिरवे, निळे आहेत आणि पात्रांचे कपडे त्यांच्याशी जुळवून घेतलेले आहेत. गोष्ट मात्र अगदी साधी: प्रियकराला अल्जीरियाच्या युद्धावर जावे लागते, प्रेयसी वाट पाहते आणि मग वाट पाहणे थांबते. पैशांची चणचण, पत्रांना होणारा उशीर, आईचा व्यवहारी सल्ला, हे सारे गायले जाते. रंग आणि सूर उत्सवाचे आणि आयुष्य रोजचे, या विसंगतीतून त्या चित्रपटाची व्याकुळता येते.

कानांसाठी

पडद्यावर ओठ हलवणारा आणि गाणारा एकच असेल असे नाही, हे भारतीय प्रेक्षकाला सांगावे लागत नाही. ‘धूप छाँव’ (१९३५) पासून पार्श्वगायन रुळले आणि पुढे पार्श्वगायकांची नावे नटांइतकीच घरोघर पोचली. हॉलिवूडने मात्र ही गोष्ट दीर्घकाळ झाकून ठेवली. ‘द किंग अँड आय’ (१९५६) मध्ये डेबोरा कर, ‘वेस्ट साइड स्टोरी’त नॅटली वुड आणि ‘माय फेअर लेडी’ (१९६४) मध्ये ऑड्री हेपबर्न, या तिघींच्या गाण्यांमागे मार्नी निक्सन या एकाच गायिकेचा आवाज होता. ती स्वतः ‘द साउंड ऑफ म्युझिक’मध्ये एका जोगिणीच्या छोट्या भूमिकेत दिसते, तो प्रसंग आला की तिच्याकडे लक्ष ठेवावे. हे तिन्ही चित्रपट लागोपाठ ऐकले तर एकच गळा तीन स्वभावांना कसा शोभवला आहे हे ध्यानात येते, आणि गायनातला अभिनय म्हणजे काय ते समजते.

याच्या उलट प्रयोग ‘ले मिझराब्ल’ (२०१२) मध्ये झाला. एरवी गाणे आधी ध्वनिमुद्रित करून चित्रीकरणाच्या वेळी त्यावर ओठ हलवतात. इथे नटांच्या कानात पियानो वाजत होता आणि ते कॅमेऱ्यासमोर प्रत्यक्ष गात होते. त्यामुळे त्यांना मध्येच थांबता येत होते, हुंदका गिळता येत होता, ओळ कुजबुजता येत होती. अ‍ॅन हॅथवेचे एकटीचे गाणे कॅमेरा न तोडता घेतले आहे. सुरेलपणाच्या काट्यावर ते काही ठिकाणी डगमगते, आणि तिथेच ते सर्वाधिक खरे वाटते. आधी ध्वनिमुद्रित केलेले एखादे सफाईदार गाणे आणि हे गाणे पाठोपाठ ऐकावे, आणि श्वास कुठे ऐकू येतो याकडे कान द्यावा.

कानांचे आणखी एक काम म्हणजे परत येणारी चाल ओळखणे. चांगला संगीतकार चाल एकदा देतो, आपल्याला तिची सवय होऊ देतो, आणि परिस्थिती बदलल्यावर ती पुन्हा आणतो. ‘द साउंड ऑफ म्युझिक’मध्ये कप्तान फॉन ट्रॅप एका डोंगरी फुलावरचे गाणे प्रथम घरात, मुलांसमोर गातो, आणि नंतर देश हातचा गेल्यावर, भरल्या प्रेक्षागृहात गातो, तिथे त्याचा आवाज दाटून येतो आणि सभागृह त्याला साथ देते. शब्द बदललेले नाहीत. बदलला आहे तो ऐकणारा. संगीतकार मिशेल लग्रांनेही शेर्बूरच्या कथेत रेल्वे स्थानकावरच्या निरोपाची धून वर्षांनंतरच्या भेटीत परत आणली आहे, आणि ती दोघे एकमेकांशी अगदी औपचारिक बोलत असताना त्यांना जे बोलता येत नाही ते वाद्ये बोलतात. अशी जागा सापडली की मागे जाऊन ती चाल पहिल्यांदा कुठे आली होती ते पाहावे.

पाहण्याची सोय

याविषयी फार सांगण्यासारखे नाही. चित्रपट एका बैठकीत पाहावा, कारण चालींची परतफेड दोन दिवसांत विभागली तर ती चुकते. फोनच्या छोट्या स्पीकरवर तळाचे सूर आणि पावलांचे आवाज हरवतात. साधे हेडफोनही त्याहून पुष्कळ बरे. परभाषेतला चित्रपट पहिल्यांदा उपशीर्षकांसह पाहावा आणि आवडलेली गाणी दुसऱ्यांदा उपशीर्षके बंद करून पाहावीत, म्हणजे डोळे वाचण्यात गुंतत नाहीत. एखादे गाणे आवडले नाही तरी पुढे ढकलू नये. का आवडले नाही हे सांगता येईपर्यंत ते पाहावे. सोबत कोणी असेल तर गाणे चालू असताना चर्चा टाळावी, आणि संपल्यावर प्रत्येकाने आपल्याला भिडलेली एकच जागा सांगावी. दोघांच्या जागा क्वचितच एक निघतात.

एकच गाणे, दोन जागा

इतका सराव झाल्यावर करण्यासारखा सर्वांत फलदायी अभ्यास म्हणजे एकाच कथेचे दोन चित्रपट लागोपाठ पाहणे. ‘वेस्ट साइड स्टोरी’चे १९६१ चे आणि स्टीव्हन स्पीलबर्गचे २०२१ चे, अशी दोन्ही रूपे त्यासाठी घ्यावीत. लिओनर्ड बर्नस्टाइनचे संगीत तेच, स्टीव्हन सॉण्डहाइमची गीते बहुतांशी तीच, तरीही गाणी वेगळी वाटतात, कारण त्यांच्या जागा हलल्या आहेत. अमेरिकेविषयीचे वादाचे गाणे जुन्या चित्रपटात रात्री गच्चीवर, आपसांत होते. नव्यात ते दिवसाउजेडी रस्त्यावर येते आणि सारी वस्ती त्यात ओढली जाते. डोके थंड ठेवा असे बजावणारे गाणे मूळ नाटकात मारामारीच्या आधी आहे. १९६१ च्या चित्रपटात ते मारामारीनंतर गॅरेजमध्ये येते, तेव्हा दोन मुडदे पडलेले असतात, आणि त्या पोरांचे अंग आवळून नाचणे म्हणजे फुटू पाहणारी भीती दाबण्याची धडपड होते. २०२१ मध्ये ते पुन्हा मारामारीच्या आधी आले आहे, पण आता नायक टोनी आपल्या मित्राच्या हातातले पिस्तूल काढून घेण्यासाठी ते गातो, आणि नाच ही दोन मित्रांमधली झटापट होते.

तसेच, ‘कुठेतरी आपल्यासाठी जागा असेल’ या आशयाचे गाणे जुन्या चित्रपटात दोघे प्रेमी गातात. नव्यात ते व्हॅलेंटिना या वृद्ध दुकानदारीणबाईच्या तोंडी आहे, आणि ती भूमिका रीटा मोरेनो हिने केली आहे, जिला १९६१ च्या चित्रपटातल्या अनिताच्या भूमिकेसाठी ऑस्कर मिळाले होते. तरुणांच्या तोंडी जी आशा होती ती उतारवयातल्या स्त्रीच्या तोंडी आल्यावर काय होते, आणि तो बदल आपल्याला पटतो की नाही, हे दोन्ही प्रसंग त्याच संध्याकाळी एकामागोमाग पाहून ठरवावे.